तिच्या बारा खुणा, माझ्या चौदा

मुरबाडला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी परत आलो, तेव्हा माझ्यात आणि डॉक्टरात फक्त गळ्यातल्या नळीचा फरक उरलाय, अशी माझी समजूत झाली होती.

प्रशिक्षणात एक छापील कागद मिळाला होता. त्यावर अठरा प्रश्न. ‘मूल जागेवर बसून राहत नाही का?’ ‘सांगितलेलं काम अर्धवट सोडतं का?’ ‘वस्तू हरवतं का?’ प्रत्येक प्रश्नासमोर एक चौकोन. उत्तर ‘हो’ असेल तर चौकोनात खूण करायची आणि खुणा फार झाल्या तर तालुक्याला कळवायचं. पुढे डॉक्टर येऊन तपासणार. इतकाच साधा कागद होता. मी त्याच्या वीस झेरॉक्स काढल्या, प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातल्या आणि म्हसा गावाच्या पुढे जीप जिथे सोडते तिथून पाऊण तास चालून माझ्या वाडीवरच्या शाळेत हजर झालो. फाइल वाटभर छातीशी धरली होती. वाटेत भेटलेल्या दोघांनी विचारलं, कुणाची जमीन मोजायची आहे का.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मी शिक्षणसेवक म्हणून नवाच लागलो होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. पदवीदानाच्या वेळी भाड्याचा काळा झगा घालून काढलेला फोटो मी गावी दाखवला होता, तर शेजारचे काका म्हणाले, “शिक्षक व्हनार व्हतास ना रे? वकील कवा झालास?” एवढं शिकायला मिळालं याचं मला तेव्हा फार वाटायचं, आजही वाटतं. पण मिळालेलं सगळं लगेच कुणावर तरी वापरून बघायचं, ही खोड मला त्याच वर्षी लागली.

शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरीला थोरल्या बाई शिकवायच्या, तिसरी-चौथी माझ्याकडे. बाईंची नोकरी वीस वर्षांची आणि बोलणं कमी. मी आलो तेव्हा माझ्या वर्गात पटावर एकोणीस मुलं होती आणि पटावर नसलेली सात. आई-बाप शेतावर गेले की मोठी पोर धाकट्याला काखेला मारून शाळेत आणायची. एका हातात दप्तर, दुसऱ्या बाजूला शेंबडं भावंड. कुणी खडू खायचं, कुणी रडायचं, कुणी फळ्याखालीच ओलं करायचं. मी आदर्श वर्ग घडवायला आलेला माणूस. पहिल्याच महिन्यात एका मोठ्या कागदावर लिहून दाराशी लावलं, ‘लहान भावंडांना वर्गात आणू नये.’ भोवती स्केचपेनने लाल किनार काढली. ओहोळापलीकडे अंगणवाडी होतीच, तिथे ठेवा म्हटलं. थोरल्या बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “अक्षर छान आहे हो, सर.” मी चार दिवस ते कौतुक समजत होतो.

वर्ग शांत झाला. एक मुलगी सोडून.

ती चौथीत होती. खिडकीशी बसायची आणि बाहेर बघायची. मी तिला खिडकीपासून उठवून मध्ये बसवलं, तर तिला तहान लागायला लागली. तासात चार वेळा हंड्याकडे. हंडा दारात, त्यामुळे पाणी पिताना मान बाहेर. मी हंडा आत घेतला, तर “गुरुजी, बाहेर जाऊ?” सुरू झालं. मग मी तिला अगदी पुढे, माझ्या टेबलाला टेकून, भिंतीकडे तोंड करून बसवलं. तिथून खिडकी दिसायला मान पुरती मागे वळवावी लागायची. ती वळवायची. मी घड्याळ लावून मोजलं, एका तासात तीसेक वेळा. माझ्या मते ते संशोधन होतं. सातचा पाढा ती ‘सात चोक’ला सोडून द्यायची आणि पुन्हा ‘सात एके’पासून धरायची. वहीतलं एकही गणित शेवटच्या ओळीपर्यंत गेलेलं नव्हतं.

तर प्रशिक्षणाहून आल्यावर पहिला कागद मी तिच्या नावाने भरला. अठरापैकी बारा खुणा झाल्या. लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. तालुक्यातल्या किती शाळांत अशी केस सापडली असेल? आणि ती मला सापडली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तिची आईच आली. डोक्यावर गवताचा भारा.

“गुरुजी, पोरीचं इचारायचं व्हतं.”

“बरं झालं आलात,” मी फाइल उघडली. “तुमच्या मुलीत अवधानदोष असण्याची शक्यता आहे.”

आईने भारा खाली टाकला आणि पोरीला जवळ ओढलं. “कुठं दुखतंय गो तुला?”

“कुठंच नाय.”

“नाय म्हनते, गुरुजी.”

“दुखत नाही हो. अवधान म्हणजे लक्ष. तिचं लक्ष लागत नाही.”

“मग असं बोला ना. माझा जीव गेला ना इथं.” तिने पदराने घाम पुसला. मग जे विचारायला आली होती ते विचारलं. “दिवाळी झाली का आमी भट्टीवर जानार. इटा पाडायला. पार मे म्हैन्यापतूर. हिची मावशी इथंच ऱ्हाते, ती ठेवून घ्याला तयार हाय. पन शिकत असंल तर ठेवते. नाय तर संगती नेते, माती द्याला एक हात व्हतो. तुमी शिकलेली मानसं. ही शिकंल का? तुमी सांगाल तसं करू.”

ती पोरगी आमच्या दोघांकडे पाठ करून ओहोळाकडे बघत होती.

“आठ दिवस द्या,” मी न्यायाधीशासारखं म्हणालो.

चौथीत भट्टीवर गेलेली मुलं परत शाळेत येत नाहीत, हे मला माहीत होतं. मेमध्ये वाडीवर परत येतात, पण तोवर हाताला माती बसलेली असते आणि पाचवीची शाळा लांब. हजेरीपटावर तेवढं नाव राहतं. आणि तरीही माझं उत्तर मनात ठरत आलं होतं. जिचं लक्षच लागत नाही तिने सहा महिने मावशीच्या घरी परकी होऊन काय मिळवायचं? तालुक्याला कळवू, डॉक्टर येतील तेव्हा येतील. तोवर जाऊ दे. हे मी फार समंजसपणे ठरवत होतो.

शनिवारी दुपारी मी मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूरची एसटी धरली आणि सापगावच्या अलीकडे उतरलो. आई-बाबा दोघंही तोवर गेलेले. माझं घर म्हणजे ताईचं घर. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, गावातच दिलेली. भात कापणीला आलं होतं आणि ती खळं सारवत होती. मला बघून तिने चहा टाकला, माझ्या हातात दिला आणि परत शेणात हात घातले. मी कडेच्या दगडावर बसून फाइल काढली. ताईला माझं काम दाखवायची मला भारी हौस.

“हात शेनाचे हायत माझे. मोठ्यानं वाच.”

“मूल जागेवर बसून राहत नाही का?”

“नाय बसत.”

“अगं, तुला नाही विचारलं. हे एका मुलीबद्दल—”

“तिला मी काय वळखते? मी तुझं सांगते. ताटावर बसायचास तो भात संपेपर्यंत दोनदा दाराशी जाऊन यायचास. पुढं?”

“वस्तू हरवतं का?”

“तीन दप्तरं, एक छत्री आणि बैल.”

“बैल मी हरवला नव्हता. तो आपणहून गेला.”

“तुला राखायला दिलेला ना? कर खून.”

मी गंमत म्हणून कोरा कागद घेतला आणि खुणा करत गेलो. ‘आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही का?’ असं मी वाचायच्या आत ताई म्हणाली, “हां, हे पन.” कागद संपला तेव्हा मोजलं. चौदा. तीन दिवस प्रशिक्षण घेतलेल्या पदवीधराच्या चौदा आणि चौथीतल्या मुलीच्या बारा.

“मी असा होतो?”

“व्हतास म्हंजे? आता पन चहा निवला बघ तुझा.” तिने शेणाचा हात ओढत नेला, वळवून परत आणला. “पन लहानपनापासून नव्हतास. बाबांची वखार बंद पडली तवापासनं.”

ते मला आठवतं, फक्त या कागदाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. मी दुसरीत असेन. बाबा लाकडाच्या वखारीत कामाला होते. ती बंद पडली आणि ते प्यायला लागले. रोज नाही, म्हणून तर रोज वाट बघावी लागायची. त्यांच्याकडे सायकल होती. दिवेलागणीला ते सायकलवर बसून आले तर साखळी डब्याला घासल्याचा कर्रकर्र आवाज यायचा. म्हणजे सगळं ठीक, कधीकधी खिशात भजीही असायची. पण तोल जात असेल तर ते सायकल हातात धरून चालत यायचे, आणि मग मागच्या चाकाची टिक टिक टिक ऐकू यायची. ती ऐकली की ताई मला मागच्या दाराने शेजारच्या गोठ्यात लोटायची आणि स्वतः आईपाशी आत राहायची. टिकटिक लवकर ओळखणं हे माझं काम होतं. मी ते उत्तम करायचो. आमच्या शाळेसमोर चढ होता. सगळं गाव तिथे सायकलवरून उतरून, सायकल ढकलत वर जायचं. दिवसभर टिक टिक टिक. गुरुजी सातचा पाढा म्हणायचे आणि मी रस्त्याला कान लावून बसलेला. गुरुजींचं तरी काय चुकलं? “लक्ष कुठंय रे तुझं?” असं ते रोज विचारायचे, पण उत्तर ऐकायला कोणी असं विचारत नसतं. लक्ष होतं की माझं. सगळंच्या सगळं त्या चढावर होतं.

“मग तू कशी अशी झाली नाहीस?” मी ताईला विचारलं.

“मी शाळेत व्हते कुठं?” ती हसली. “तू काखेत, दप्तर हातात, अशी जायचे मी चवथीत. तू एकदा गुरुजींच्या नकाशावर मुतलास.”

ही गोष्ट आमच्या घरात हसण्यावारी सांगितली जायची. मी लग्नकार्यांत ती स्वतः रंगवून सांगितलीय. पण तिचा शेवट मी आजवर नीट ऐकला नव्हता, लक्ष नसणार.

“मग गुरुजी बोलले, पोर घरी ठेवून येत जा. घरी कोनापाशी ठेवू? आई रोजावर. मग मीच ऱ्हायले घरी.” एवढं बोलून तिने बादलीत हात बुचकळला. “सरक तिकडं, तुझ्या पायाखालचं ऱ्हायलंय.”

मी सरकलो. डोळ्यांपुढे माझाच दाराशी लावलेला कागद आला. लाल किनारीचा. ताईला मी त्यातलं काही सांगितलं नाही. गार चहा पिऊन टाकला.

सोमवारी मी थोरल्या बाईंना गाठलं. त्याही त्या प्रशिक्षणाला होत्या. “बाई, अशा मुलांच्या घरच्या परिस्थितीबद्दल तिथे काही सांगितलं होतं का हो?”

बाईंनी पर्समधून छोटी डायरी काढली. पेन्सिलने लिहिलं होतं, “काही मुलांना हा त्रास मुळातच असतो, त्यांना डॉक्टरी उपचार लागतात. घरात मार, भीती, उपासमार, अपघात असं सोसलेल्या मुलांतही हीच लक्षणं दिसतात. दोन्ही एकत्रही असू शकतं. आधी घरची विचारपूस करावी.”

“हे कधी सांगितलं?”

“दुसऱ्या दिवशी, चार वाजता.” बाईंनी डायरी मिटली. “तुम्ही खिडकीतून वडेवाल्याला हाका मारत होतात.”

मी वर्गात गेलो आणि त्या मुलीला परत खिडकीशी बसवलं. मग तिच्या मागे गुडघ्यावर बसलो, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. माझ्या उभ्याच्या उंचीवरून ओहोळ आणि झाडं दिसायची. तिच्या उंचीवरून फांद्यांच्या खालून अंगणवाडीचा ओटा दिसत होता. ओट्याच्या बाजूला संडासासाठी खणलेला खड्डा, पावसाच्या पाण्याने अर्धा भरलेला. खड्ड्याच्या कडेने तीनेक वर्षांचा एक पोरगा काठी ओढत फिरत होता. अंगणवाडीची ताई एकटी, आत खिचडी ढवळत असणार.

“कोण ग तो?”

“भाऊ माझा.”

“त्याच्याकडे बघतेस होय?”

“त्यो पान्याकडं जातो.”

“कधी पडला होता का?”

“भट्टीवर. माती भिजवायच्या खड्ड्यात. मी आईला माती देत व्हते.” ती खिडकीबाहेरच बघत होती. “पाय दिसले त्याचे.”

मी उठलो. “जा, त्याला घेऊन—”

ती केव्हाच दाराबाहेर होती. वाक्य पुरं व्हायच्या आत उठली, म्हणजे खरं तर तेराव्या खुणेला हरकत नव्हती.

खड्ड्यावर आम्ही त्याच दुपारी काटेरी फांद्या रचल्या, मोठ्या मुलांनी भोवती दगड लावले. दाराशी लावलेला कागद मी उपटला आणि फाडणार, तेवढ्यात बाई आल्या. “फाडू नका, सर. पाठकोरा आहे. लहान पोरं चित्रं काढतील.” लहान पोरं अर्थातच आली. एकाला आणू दिलं म्हटल्यावर दोन दिवसांत सातही परत आली.

पुढे चमत्कार झाला असं सांगायला मला आवडलं असतं. तिचा भाऊ पहिल्या दिवशी माझ्या हजेरीपटावर बसला. दुसऱ्या दिवशी त्याने प्लास्टिकची फाइल चावली. ती त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि आता मान खिडकीऐवजी मांडीकडे वळायची. पण तहान गेली. “बाहेर जाऊ?” गेलं. सहाव्या दिवशी तिने सातचा पाढा ‘सात दाहे’पर्यंत नेला. ‘सात आठे’ला अडखळली, पण तिथे मीही अडखळतो. तिचा कागद मी तालुक्याला पाठवला, मागच्या बाजूला बाईंना विचारून घरची सगळी हकिकत लिहून. डॉक्टर येतील तेव्हा त्यांनीही बघावं.

आठव्या दिवशी तिची आई आली. “काय ठरलं, गुरुजी?”

“शिकेल. नक्की शिकेल.”

“आन तो दोस?”

“तो माझ्यात निघाला.”

ती हसली नाही. तिला खरं उत्तर हवं होतं. मी सांगितलं तिला, मुलीचं लक्ष भावावर असतं. भट्टीवरचं ती विसरलेली नाही. भाऊ डोळ्यांसमोर असला की ती अभ्यास करते. “हिला ठेवलंत आणि त्याला घेऊन गेलात, तर हिचं लक्षही भट्टीवर जाईल. जमलं तर दोघांना ठेवा.”

तिने मुलीच्या मांडीवरच्या पोराकडे बघितलं. मग म्हणाली, “तीन वरसाचं पोर हाय, गुरुजी. त्याला मागं टाकून माझं लक्ष लागंल का कामात?”

अठरा प्रश्नांत हा नव्हता. मी फाइल मिटली.

“आये,” पोरगी म्हणाली, “मी बघते त्याला. हितं खड्डा झाकलाय.”

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मांडीवरच्या पोराला उचललं आणि “बघू” म्हणून निघून गेली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. आदल्याच दिवशी भट्टीचे ट्रक येऊन गेले होते. वर्गात एकोणीसपैकी आठ मुलं. मी हजेरी घेत होतो. तिच्या नावापाशी आलो, दोनदा हाक मारली आणि पेन टेकवून तसाच थांबलो. गैरहजेरीची रेघ मारवेना. शेवटी पुढचं नाव घेतलं. हजेरी संपत आली तेव्हा दारात सावली पडली. दप्तर एका हातात, भाऊ काखेला. धापा टाकत होती.

“मावशीनं पेज उशिरा दिली,” ती म्हणाली. “याला पन दिली.”

मी तिच्या नावापुढे हजेरी लावली. लावताना पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं.

त्या शनिवारी ताईला सगळं सांगितलं, लाल किनारीच्या कागदासकट. ती रागावेल म्हणून मान खाली घालून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मुलगी हुशार आहे का, परीक्षेत काय होईल, यातलं काही विचारलं नाही.

“पोराला घेऊन बसते म्हंतोस. मग पाटी कशावर धरते?”

“मांडीवरच. भावाच्या बाजूला.”

“नाय धरता येत. घसरते ती. माझं अक्षर कधी सरळ आलंच नाय त्यामुळं.” ती आत गेली आणि एक जुना पाट घेऊन आली. मी लहानपणी जेवताना ज्यावरून उठून दोनदा दाराशी जायचो तोच. “ह्यो घेऊन जा. पुढ्यात ठेवायचा, वर पाटी.”

सोमवारी पहाटेच्या एसटीत मी मांडीवर पाट घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, “गुरुजी, जेवायला चाललात का शाळेत?” म्हशाच्या पुढे चालताना तो कधी काखेत, कधी डोक्यावर. पुन्हा कुणीतरी विचारलंच, पूजा कुणाकडे आहे.

वर्गात गेल्यावर मी पाट तिच्या पुढ्यात ठेवला आणि तो कसा वापरायचा हे शिक्षकी आवाजात समजावून सांगायला लागलो. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने भावाला मांडीवरून उचललं आणि पाटावर बसवलं. मग मोकळ्या झालेल्या मांडीवर पाटी नीट आडवी घेतली आणि फळ्याकडे बघायला लागली.